चार वर्षांत एकही जखम नाही

शिवणबाईंच्या नणंदेच्या पाठीवर चार वर्षांत एकही जखम झाली नव्हती, आणि ही गोष्ट सबंध प्रार्थनाघराला ठाऊक होती. कमरेखाली लुळं पडलेलं माणूस चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे आणि कातडी मात्र तान्ह्या बाळासारखी, असं फिरत्या नर्सने दुसऱ्या एका घरी बोलून दाखवलं होतं. तिथून ते प्रार्थनाघरात बाजाची पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या कानावर गेलं, आणि त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट गावभर व्हायला दुपार पुरे.

शिवणबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. त्यांच्या वर्गात सगळ्यांत जास्त ऐकू आलेला शब्द म्हणजे "उसव". टाका रेषेच्या बाहेर गेला, उसव. धाग्याला गाठ दिसली, उसव. मुली रडायच्या, पण आयुष्यभर सरळ शिवायच्या. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहिल्या. आपल्या हातून आता कोणाचं काय भलं होणार, असं त्या प्रार्थनेत विचारत असत. सहा महिन्यांनी नणंद टेलिफोन ऑफिसच्या जिन्यावरून पडली आणि तिचा कणा मोडला. तिलाही दुसरं कोणी नव्हतं. शिवणबाईंनी बाहेरची खोली रिकामी केली, खाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम करता येईल, आणि त्या स्वतः इस्पितळात जाऊन तिला घेऊन आल्या.

नणंदेला त्या "वन्सं" म्हणत. वन्संनी सव्वीस वर्षं टेलिफोनचे प्लग जोडले आणि काढले होते. पाय गेले, जीभ राहिली, आणि हात राहिले. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "वहिनी, देवाने अर्धीच लाइन तोडली बघ. बिल मात्र पूर्ण लावलं."

"देवाची अशी चेष्टा करू नये, वन्सं."

"बरं. मग तुझी करू?"

शिवणबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वन्संना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी वळवायचं, आणि रात्री एकदा गजर लावून. सकाळी कोमट पाण्याने अंग पुसायचं, पावडर लावायची, चादर बदलायची. बोलणं चांगलं ठेवायचं. वन्संच्या जुन्या ऑफिसातल्या बायका सुरुवातीला यायच्या, मोठमोठ्याने हसायच्या, कोणाचं कोणाशी काय चाललंय ते सांगायच्या. शिवणबाईंनी त्यांना दारातच सांगितलं की आजारी माणसाला शांतता हवी असते. तिसऱ्या महिन्यापासून कोणी येईनासं झालं. रेडिओ आतल्या खोलीत गेला. वन्संच्या उशाशी धार्मिक पुस्तकं आली, मोठ्या अक्षरांतली.

प्रार्थनाघराच्या बोळात एक काळा फळा होता. त्यावर खडूने "घरी सेवा करणारे" असं लिहून खाली नावं असत. महिन्याच्या पहिल्या उपासनेला ती माणसं आपापल्या जागी उभी राहत, बाकीचे बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करत. कोणाचा आजारी गेला किंवा संस्थेत ठेवला, की नाव पुसलं जाई. चार वर्षांत कितीतरी नावं आली नि गेली. शिवणबाईंचं पहिल्या ओळीत होतं. त्या उभ्या राहिल्या की मान खाली घालत. पण पोलक्याची इस्त्री त्या दिवशी जरा जास्त कडक असे.

वन्संची एक मैत्रीण मात्र मागे हटली नाही. ती लांब पल्ल्याचे ट्रंक कॉल जोडायची, म्हणून ऑफिसात तिला सगळे ट्रंकवाली म्हणत. तिलाही आता अर्धांगवायू झाला होता आणि ती सरकारी शुश्रूषागृहात खाटेवर होती. तिथल्या फोनवरून ती खाली बूटवाल्याच्या दुकानात फोन करी, आणि बूटवाला हातातली हातोडी न ठेवता जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडे.

"ओ टेलिफोनताई! ट्रंकवाल्या बाई म्हणतात, इथलं सूप म्हणजे फरशी पुसलेलं पाणी!"

"विचार, फरशी तरी नीट पुसतात का?" वन्सं वरून ओरडत.

"जरा हळू, वन्सं. रस्त्यावर ऐकू जातं."

"जाऊ दे की. रस्त्यावर माणसं असतात."

एका सोमवारी बूटवाला ओरडला, "ताई, त्यांच्या शेजारची म्हातारी गेली! खाट रिकामी झालीय, खिडकीजवळची! महिना-दीड महिना धरून ठेवतील म्हणतात, अर्ज टाका!"

वन्संनी हातातलं पुस्तक मिटून उशाशी ठेवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, मला तिथे जायचंय."

शिवणबाई उशीचा अभ्रा बदलत होत्या. "काही कमी पडतंय का तुम्हाला?"

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"नाही गं. मला ट्रंकवालीशी बोलायचंय. मरेपर्यंत. तेवढंच."

"तिथे एका बाईच्या वाट्याला बारा-बारा खाटा असतात. कोणी वेळेवर वळवायचं नाही तुम्हाला. महिन्याभरात पाठ सडेल."

"पाठ माझी आहे ना?"

शिवणबाईंनी अभ्र्याची चारही टोकं ओढून सरळ केली. "मी प्रार्थना करते," त्या म्हणाल्या.

अर्ज आला. त्यात एक छापील वाक्य होतं: रुग्णाची घरी काळजी घेणारं कोणीही नाही. त्याखाली नातेवाइकाची सही. शिवणबाई तो घेऊन पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब तरुण होते, बाईंच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींच्या मुलांएवढे. त्या महिन्यात ते दर आठवड्याला चांगुलपणावर प्रवचन देत होते, आणि उदाहरण द्यायची वेळ आली की त्यांची नजर शिवणबाईंच्या बाकाकडे जाई.

"मी याच्यावर सही कशी करू?" बाई म्हणाल्या. "हे खोटं आहे. मी आहे ना घरी."

पाळकसाहेबांनी अर्ज वाचला. "त्यांना काय हवंय?"

"त्यांना काय हवं ते त्यांना कळत नाही."

"पण त्या म्हणतात काय?"

"जायचंय म्हणतात."

"मग हे वाक्य खोडा आणि खाली शेरा लिहा की रुग्णाचीच इच्छा आहे. ते तर खरं आहे ना?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी छापील वाक्य पट्टी लावून खोडलं आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं. रुग्णाची तेथे येण्याची इच्छा आहे. रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळवले जाते. रोज अंग पुसून पावडर लावली जाते. चादर रोज बदलली जाते. चार वर्षांत शय्याव्रण एकही नाही. मी निवृत्त असून पूर्ण वेळ घरी असते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सही करून त्यांनी अर्ज स्वतः टपालात टाकला. पेटीचं झाकण पडलं तेव्हा छातीत काहीतरी हललं, पण ते जिना उतरल्याने असेल, असं त्यांनी ठरवलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. घरी उत्तम शुश्रूषा होत असल्याने जागा देता येत नाही. ज्यांची आबाळ होते, ज्यांना जखमा आहेत, त्यांना आधी घेण्याचा नियम आहे. अशी सेवा करणाऱ्या कुटुंबीयांचं अभिनंदन. पत्रासोबत बाईंच्या शेऱ्याची नक्कलही परत आली होती.

वन्संनी दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा वाचले.

"छान लिहितेस, वहिनी," त्या म्हणाल्या. "एक टाका वाकडा नाही."

"जे आहे तेच लिहिलं मी."

"हो ना. तेच."

त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत शिवणबाईंनी ते पत्र वाचून दाखवलं. देवाची कृपा सगळ्यांसमोर सांगायची, साक्ष द्यायची, पद्धतच होती. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. बाजावाल्या बाई म्हणाल्या, "सरकारनेसुद्धा मान तुकवली बघा." पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

त्यानंतर सहा दिवसांनी, अंग पुसताना, शिवणबाईंना वन्संच्या उजव्या खुब्यावर लाल डाग दिसला. रुपयाएवढा, दाबला तरी पांढरा न होणारा.

त्यांनी चादर तपासली, गादी तपासली, गादीखालची फळी हाताने चाचपली. साबण बदलला. दोन तासांऐवजी दर तासाला वळवायला सुरुवात केली. डाग वाढला. चौथ्या दिवशी कातडी सुटली, सातव्या दिवशी खड्डा पडला, बोटाचं टोक बसेल एवढा, आणि त्याला वास यायला लागला. वन्संना कमरेखाली काही कळत नसल्याने त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या छताकडे बघत शीळ घालत.

फिरत्या नर्सला बोलवायला हवं होतं. नर्स चार गल्ल्या पलीकडे राहायची. शिवणबाईंनी तिला बोलावलं नाही. तिची महिन्याची फेरी अजून बारा दिवसांवर होती. तोपर्यंत भरून येईल, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. रविवारी महिन्याची पहिली उपासना होती. त्या उभ्या राहिल्या, मान खाली घातली, आणि सगळा वेळ त्यांना आपल्याच हातांना तो वास येत राहिला.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून पाचला संपणारी सभा साडेचारच्याही आत आटोपली. शिवणबाई नेहमीप्रमाणे जिन्याखाली चपला काढून अनवाणी वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

वन्संनी एका हाताने खाटेची कड धरली होती, आणि दुसऱ्या हाताने त्या आपल्या खुब्याखाली काहीतरी सरकवत होत्या. नीट, जखमेच्या बरोबर मध्यभागी. मग त्यांनी सगळं वजन त्यावर सोडलं.

"काय करताय, वन्सं?"

वन्सं दचकल्या. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आज लवकर सुटली का तुमची शाळा?"

शिवणबाईंनी त्यांना हिसका देऊन वळवलं. चार वर्षांत त्यांनी कधी हिसका दिला नव्हता. कातडीला चिकटलेलं कोटाचं मोठं काळं बटण होतं, त्यांच्याच, खाटेशेजारी ठेवलेल्या शिवणाच्या डब्यातलं. रक्ताने चारही भोकं भरली होती.

"तुम्ही... स्वतःच?"

"दुसरं कोण करणार? तू तर करत नाहीस. काय ते तुझं घड्याळ, वहिनी! सहा, आठ, दहा. नंतर तर तासातासाला. तू यायच्या पाच मिनिटं आधी काढून घ्यायचे. सव्वीस वर्षं सेकंदावर कॉल तोडलेत मी."

"किती दिवस?"

"पत्र आलं त्या रात्रीपासून. जखमा असतील त्यांना आधी घेतात, असं लिहिलंय ना? वाचून दाखवलंस की सगळ्यांना."

शिवणबाई खाली बसल्या. "मराल ना अशाने. विष चढेल अंगात."

"चढू दे."

"मी काय कमी केलं तुमचं? सांगा ना! काय कमी केलं?"

"काहीच नाही गं बाई!" वन्सं एकदम ओरडल्या. "हेच तर! तू मारलं असतंस, उपाशी ठेवलं असतंस, तर मी चार माणसांना हाका मारल्या असत्या. आता कोणाला काय सांगू? की माझी वहिनी माझ्या ढुंगणाला पावडर लावते, वाचवा? मला ठेवलंयस तुझ्या त्या फळ्यासाठी. चांगुलपणाचा खुंटा हवा होता तुला. मी मिळाले."

असलं बोलणं त्या घरात कधी झालं नव्हतं. शिवणबाईंना आठवलं ते शाळेतलं. एका मुलीने अकरा वेळा उसवलेला झबल्याचा गळा कात्रीने टराटरा कापून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्या दिवशी त्यांनी तिच्या थोबाडीत मारली होती. आत्ताही हात उठलाच होता. त्यांनी तो बादलीत घातला, फडकं पिळलं आणि जखम धुतली, जरा जास्तच जोराने. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या. तिथे काही जाणवत नाही हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः जाऊन नर्सला घेऊन आल्या. नर्स धिप्पाड होती, बोलायला फटकळ. तिने चादर बाजूला केली आणि नाकाला हात लावला.

"हे काय, बाई? तुमच्या घरी? किती दिवसांचं आहे?"

"पंधरा."

"पंधरा! आणि मला आज सांगताय? झालं कसं?"

खोलीत खालून बूटवाल्याची ठकठक येत होती. वन्सं उशीवर मान कलती करून शिवणबाईंकडे बघत होत्या. पूर्वी त्या कानाला यंत्र लावून अशाच बसत असतील, कोणी पलीकडून बोलतंय का याची वाट बघत. बटण शिवणबाईंच्या झग्याच्या खिशात होतं. ते काढून दाखवलं असतं तर नर्सने एका ओळीत लिहिलं असतं की रुग्णाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. खाट गेली असती. वन्संचे हातही रात्री बांधायला सांगितले असते. आणि शिवणबाईंची चार वर्षं जशीच्या तशी राहिली असती.

त्या खोटं कधी बोलल्या नव्हत्या. ते कसं बोलतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"मी वळवलंच नाही," त्या म्हणाल्या. "कंटाळा आला होता. दिवस-दिवस एकाच कुशीवर पडून राहायच्या. चादरही बदलली नाही."

"तुम्ही?"

"हो. आता माझ्याने होत नाही. यांना घेऊन जा."

नर्सने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या भिंतीला टेकल्या. मग तिने वही काढली. "आबाळ" हा शब्द लिहिताना तिने पेन दाबला. "तोंडावर काय सोज्वळपणा!" ती पुटपुटली, ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

दुपारी गाडी आली. जिना अरुंद, स्ट्रेचर उभं करून उतरवावं लागलं. बूटवाला खालून आधार देत होता आणि वरून वन्सं सूचना देत होत्या. दाराशी त्यांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं.

"वहिनी."

शिवणबाई पुढे आल्या. आता काही ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं.

"महिन्यापूर्वी कंटाळली असतीस, तर खुबा वाचला असता," वन्सं म्हणाल्या. "चला रे, उचला."

रविवारी फळ्यावरचं नाव गेलेलं होतं. ते जायचंच होतं. पण ते ओल्या फडक्याने इतकं घासून पुसलं होतं की तिथला काळा रंग उठला होता. बाकावर त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. बाजावाल्या बाई उपासनेनंतर जवळ आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची पण कमाल आहे हं. पत्र वाचलंत तेव्हा बिचारीची पाठ सडत होती ना?" हिशेब केला तर पत्र वाचलं तेव्हा डाग दिसलाही नव्हता. शिवणबाईंनी तो हिशेब न सांगता गीतांचं पुस्तक पिशवीत घातलं.

पाळकसाहेबांना मात्र त्यांनी सगळं सांगितलं, बटणासकट. ऐकता ऐकता पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी स्वतःवर घेतलंत! किती मोठं—"

"नाही," शिवणबाई म्हणाल्या. "थांबा. मला तेव्हा वन्सं डोळ्यांसमोर नको झाल्या होत्या. मारावंसं वाटत होतं. दयेने बोलले नाही मी. घरातून जा एकदाची, म्हणून बोलले. चार वर्षं प्रेमाने केलं ते त्यांना नरक झालं, आणि रागाने एक खोटं बोलले तर त्या सुटल्या. आता यातलं माझं चांगलं काम कुठलं? तुम्ही दर आठवड्याला सांगता ना, मग सांगा."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "ज्यांच्यासाठी केलंत त्यांना विचारा."

खुब्याची जखम भरायला पाच महिने लागले. एकदा ताप इतका चढला की वन्सं जातात असं वाटलं, पण त्या राहिल्या. शिवणबाई त्या काळात दर गुरुवारी, भेटीच्या वेळी, शुश्रूषागृहाच्या दारापर्यंत जात, आयाबाईकडे धुतलेले गाऊन देत आणि परत येत. सहाव्या महिन्यात एकदा आयाबाई जागेवर नव्हती, म्हणून त्यांना लांब दालनातून आत जावं लागलं.

खिडकीशी दोन खाटा अगदी जवळ ओढलेल्या होत्या. वन्सं नाकातून, सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होत्या, "वन्सं, रस्त्यावर ऐकू जातं!" आणि ट्रंकवाली अर्ध्याच तोंडाने हसत होती, लाळ पुसत होती, पुन्हा हसत होती. नक्कल हुबेहूब होती. तो आवाज आपला आहे हे कळायला शिवणबाईंना क्षणभर वेळ लागला.

"अगं बाई, आलीच की," ट्रंकवाली म्हणाली. "कॉल लागला."

वन्संनी मान वळवली. त्या बारीक झाल्या होत्या. केस कोणीतरी आखूड कापले होते, वेडेवाकडे. "गाऊन ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "नि अंगाला हात लावू नकोस."

"नाही लावत." शिवणबाई उभ्याच राहिल्या. "वन्सं, एक विचारू? मी त्या दिवशी नर्सला सांगितलं, ते... ते चांगलं केलं का मी?"

"आता याचंही प्रशस्तिपत्र हवं का तुला?"

शिवणबाईंचा चेहरा उतरला. ट्रंकवालीने नजर खिडकीकडे वळवली.

"स्टूल आहे बघ त्या कोपऱ्यात," वन्सं म्हणाल्या. "बसायचं तर बस. पाचला हाकलतात."

शिवणबाईंनी स्टूल आणलं. चार वाजता वळवायला कोणी यायला हवं होतं. कोणी आलं नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. वन्सं त्याच कुशीवर पडून कुठल्याशा जुन्या सुपरवायझरच्या लफड्याची गोष्ट ट्रंकवालीला सांगत होत्या, नको त्या तपशिलांसह. शिवणबाई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, पाच वाजेपर्यंत, ती ऐकत बसल्या.